जुन्या गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्याच्या हाती काय द्यावं: तिकीट, निळा ठसा आणि चामड्याची पट्टी

जुन्या मोटारीतून फेरफटका मारलेला माणूस उतरताना एकदा तरी दाराच्या मुठीवरून हात फिरवतो. त्या क्षणी त्याच्या हातात काहीतरी ठेवावं, असं वाटणाऱ्या गाडीमालकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. छापील मग किंवा फ्रिजवरचे चुंबक कुठेही मिळतात, म्हणून ते इथे घेतलेले नाहीत. घरी बनवायच्या वस्तूला दोन कसोट्या लावा. तिच्यावर त्या दिवसाची, त्या फेरीची खूण असावी, आणि ती बनवताना गाडीतलं काहीही कमी होऊ नये.

उदाहरणासाठी फियाट ११०० डिलाइट धरू. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती १९६४ पासून तयार होऊ लागली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीवर. पुढे हीच गाडी पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर राहिली. चालक सोडून चार माणसं आरामात बसतात. रविवारी सकाळी तीन फेऱ्या केल्या तर बारा पाहुणे होतात. सामान मात्र सोळा जणांचं करा, कारण ऐनवेळी कुणाचा तरी भाऊ येतो आणि एखादं कार्ड बिघडतंच. तुमची गाडी ऑस्टिन, मॉरिस, हिंदुस्थान किंवा ‘डुक्कर फियाट’ असली तरी कृती हीच.

गाडीतलं काय वापरायचं नाही

सुरुवात इथूनच करायला हवी, कारण नव्या माणसाचा हात आधी जुन्या सुट्या भागांच्या डब्याकडेच जातो.

ब्रेकचे जुने लायनर, क्लच प्लेट आणि तांब्याच्या पत्र्यात गुंडाळलेली जुनी हेड गॅस्केट यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ते कापू नका, घासू नका, भोकं पाडू नका. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिचे परिणाम कित्येक वर्षांनी दिसतात. जुन्या रंगाचे पोपडे सुंदर दिसतात, पण त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी, आणि आपली वस्तू लहान मुलांच्या हातात जाणार आहे. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काही गाड्यांच्या मीटरचे अंधारात चमकणारे काटे रेडियमच्या रंगाने रंगवलेले असत. असं मीटर उघडायचंच नाही. इंजिनचे जुने व्हॉल्व्ह कापून किचेन करायची कल्पनाही सोडून द्या, कारण काही एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यात सोडियम भरलेलं असतं आणि पाणी लागलं की ते पेट घेतं.

आसनाचं मूळ रेक्झिन किंवा चामडं तर अजिबात कापू नये. आसनं नव्याने मढवताना निघालेला जुना तुकडा आधी जपून ठेवा. पुढे कुणाला मूळ रंग आणि शिवण पाहायची असेल तर तोच एक पुरावा असतो. त्यातूनही उरलं तर वापरा.

पहिली वस्तू: पुठ्ठ्याचं तिकीट

रेल्वेचं ते छोटं, जाड तिकीट अनेकांना आठवत असेल. थॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तराने १८३० च्या दशकात काढलेली ती पद्धत आपल्याकडे संगणक येईपर्यंत चालली. माप ५७ × ३१ मिमी, जाडी सुमारे ०.८ मिमी. तिन्ही आकडे पाळा. माप बरोबर असलं तरी कागद पातळ असेल तर हातात घेतल्यावर तिकीट वाटत नाही, व्हिजिटिंग कार्ड वाटतं.

०.८ मिमीचा चांगला पुठ्ठा सुटा मिळणं कठीण. ३०० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचे) दोन कागद एकमेकांवर चिकटवले की साधारण तेवढी जाडी होते. कागद चकाकीचा नको, मॅट घ्या. चकाकत्या कागदावर शिक्क्याची शाई वाळत नाही आणि बोटाला लागते. छपाई चिकटवण्याआधी करायची, तीही लेझरवर. इंकजेटची शाई गोंदाच्या ओलाव्याने पसरते. कोपऱ्यावरच्या झेरॉक्स मशिनमध्ये ३०० जीएसएम बहुधा अडकतो, तेव्हा डिजिटल प्रिंट करणाऱ्याकडे जा. ए-फोर कागद आडवा धरला तर ५७ मिमीच्या पाच आणि ३१ मिमीच्या सहा, अशी तीस तिकिटं बसतात.

चिकटवण्यासाठी तीन भाग फेविकॉलमध्ये एक भाग पाणी घाला. जुन्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने पातळ थर ओढा. गव्हाची खळ वापरायचा मोह होईल, पण पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि कसर लागते. दोन्ही कागदांचा धागा, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, एकाच बाजूला ठेवा. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या घडीला समांतर त्याचा धागा असतो. दिशा चुकली तर वाळताना एक कागद आडवा आणि दुसरा उभा आकसतो आणि सगळी तिकिटं पापडासारखी वळतात. चिकटवलेला कागद दोन फळ्यांमध्ये ठेवून वर पाच-सहा विटा ठेवा आणि रात्रभर दाबून राहू द्या.

कापताना स्टीलची पट्टी आणि नवं पातं वापरा. एकाच दाबात कापू नका, तीन हलक्या फटक्यांत कापा. जोर दिला की पातं कागदाच्या आत तिरपं जातं आणि कडा उतरती होते.

तिकिटावर गाडीचं नाव आणि वर्ष, गाडीचा क्रमांक, ‘कोठून’, ‘कोठपर्यंत’, तारीख, अनुक्रमांक आणि मीटरच्या दोन नोंदी, सुरुवातीची आणि शेवटची, एवढं पुरे. गाडीचा क्रमांक १९८९ पूर्वीचा, एमएच नसलेला असेल तर तो मोठा छापा. बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. तारीख मात्र छापू नका. तारखेचा रबरी शिक्का मारा आणि तोही किंचित तिरपा पडू द्या. मीटरची नोंद पाहुण्यालाच शाईच्या पेनाने लिहू द्या. ब्रिटिश गाडीचा मीटर मैलांत असेल तर आकड्यापुढे ‘मैल’ लिहायला विसरू नका. मीटर बंद असेल तर ती जागा कोरी ठेवण्यापेक्षा निघायची आणि पोचायची वेळ लिहा.

गाडी निघताना तिकिटाला एक भोक पाडायचं. कंडक्टरचा जुना चिमटा मिळाला तर उत्तम, नाहीतर ६ मिमीचा साधा पंच चालतो. भोक छापील अक्षरांवर येणार नाही अशी जागा आराखड्यातच मोकळी सोडा.

तिकिटावर भाड्याचा आकडा घालू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या बदलानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते आणि अशी गाडी व्यावसायिक कामासाठी चालवता येत नाही. गंमत म्हणून छापलेले ‘भाडे रु. १०’ फोटोतून फिरलं की विनाकारण प्रश्न उभे राहतात.

तिकिटांसोबत एक वही ठेवा आणि अनुक्रमांकापुढे पाहुण्याचं नाव आणि पत्ता लिहीत जा. गाडीचीही आठवण त्यातून आपोआप जमत जाते.

दुसरी वस्तू: उन्हाने काढलेला निळा ठसा

तिन्हींत ही सगळ्यात देखणी, आणि चुकण्याच्या जागाही हिच्यातच सर्वांत जास्त. सायनोटाइप ही पद्धत जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधली. पुढे कारखान्यांतले निळे नकाशे, म्हणजे ब्लूप्रिंट, याच पद्धतीने निघत. जुन्या मोटारीशी तिचं नातं म्हणूनच ओढूनताणून आणलेलं नाही.

रसायनं दोनच. फेरिक अमोनियम सायट्रेट, तेही हिरव्या प्रकारचं, २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात. आणि पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिली पाण्यात. दोन्ही द्रावणं वेगळ्या, गडद रंगाच्या बाटल्यांत ठेवा आणि वापरण्याच्या वेळीच समान प्रमाणात मिसळा. पाणी शुद्ध हवं. पेट्रोल पंपावर किंवा गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी चालतं, पण बॅटरीचं ॲसिड तिथेच शेजारी ठेवलेलं असतं, तेव्हा बाटलीवरचं नाव दोनदा वाचा. फेरीसायनाइड साध्या हाताळणीत घातक नाही, मात्र तीव्र ॲसिड किंवा आच लागली की त्यातून विषारी वायू सुटतो. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, मुलांना रसायन कालवायला देऊ नका. सायट्रेटच्या द्रावणावर दमट हवेत काही आठवड्यांत बुरशी येते. ती गाळून काढली तर द्रावण वापरता येतं.

१० × १५ सेंमीच्या एका कार्डाला साधारण १ मिली मिश्रण लागतं. सोळा कार्डं आणि ब्रश पितो ते धरून १२ मिली अधिक १२ मिली मिसळा. कागद कापसाच्या चिंध्यांपासून केलेला असेल तर सर्वांत चांगला. पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाड कागद किंवा ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद घ्या. ज्या कागदात चुन्याचा अंश असतो त्यावर निळा रंग फिका येतो, म्हणून नव्या कागदाचा आधी एक तुकडा करून पाहावा.

ब्रश पत्र्याच्या पट्टीचा नको. लोखंडाचा अंश द्रावणात उतरला की कागदावर निळे ठिपके पडतात. स्पंजचा ब्रश आणि काचेची किंवा प्लॅस्टिकची वाटी घ्या. पिवळ्या मंद बल्बच्या उजेडात एकदा आडवा आणि एकदा उभा हात फिरवा, त्याहून जास्त नको. थेंब साचला की तिथे डाग उरतो. कागद अंधारात पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही, अशा वेळी केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा सोडा. वाळलेला कागद पिवळट हिरवा दिसला पाहिजे. आधीच निळसर राखाडी झाला असेल तर त्याला कुठूनतरी उजेड लागलाय. तो सरावासाठी ठेवा.

ठसा दोन तऱ्हांनी घेता येतो.

एक, फोटोवरून. अख्ख्या गाडीचा फोटो या आकारात चिमुकला होतो. दाराची मूठ, पुढची जाळी, दिव्याची कड, स्टिअरिंगचं चाक असा एकच भाग जवळून घ्या. फोटो कृष्णधवल करा, उठाव वाढवा, रंग उलटे करा आणि आरशासारखा फिरवून पारदर्शक ओएचपी शीटवर छापा. छापलेली बाजू कागदाला टेकवून ठेवायची असते, त्यासाठी हे फिरवणं. ते विसरलं तर गाडीचा क्रमांक उलटा येतो, आणि ते बहुधा सोळावं कार्ड धुतल्यावर लक्षात येतं. झेरॉक्सवाल्याकडच्या प्रिंटचा काळा रंग पुरेसा दाट नसतो. एकच चित्र दोन शीटांवर छापून ती तंतोतंत जुळवा, कडेला चिकटपट्टी लावा.

दोन, वस्तू थेट कागदावर ठेवून. गाडीच्या किल्ल्या, एखादा छोटा पाना आणि वाटेत पाहुण्याने स्वतः तोडलेलं पान. चिंचेची किंवा गुलमोहराची डहाळी फार सुंदर उमटते, कारण पानं पातळ असतात आणि कागदाला सपाट चिकटतात. लेखकांचा कल याच तऱ्हेकडे आहे. त्या रस्त्यावरचं, त्या सकाळचं काहीतरी कार्डावर राहतं, आणि लहान मुलं स्वतःच्या हाताने मांडणी करतात. लावून वाळवलेले कागद काळ्या पिशवीत घेऊन निघा आणि चहाला थांबाल तिथे ठसे घ्या.

कागदाच्या मागे फळी, वर ३ मिमीची साधी काच आणि चार क्लिपा. घरात पडलेला जुन्या विंडस्क्रीनचा तुकडा इथे चालत नाही. दोन काचांमधला प्लॅस्टिकचा थर अतिनील किरण अडवतो आणि ठसा फिका पडतो. काच पुसून घ्या, बोटाचा ठसाही उमटतो.

किती वेळ उन्हात ठेवायचं, ते अंदाजाने ठरवू नका. आदल्या दिवशी त्याच वेळी कागदाची एक पट्टी घ्या, त्यावर पुठ्ठा ठेवून दर दोन मिनिटांनी थोडा सरकवा, म्हणजे २, ४, ६, ८, १० मिनिटांचे पट्टे मिळतील. धुतल्यावर ज्या पट्ट्यानंतर निळा रंग आणखी गडद होत नाही, ती तुमची वेळ. एप्रिलच्या दुपारी ती डिसेंबरच्या सकाळपेक्षा पुष्कळ कमी निघते. उन्हात उघडा भाग आधी निळा आणि मग राखाडी, कांस्यासारखा दिसू लागतो. तिथपर्यंत थांबा. निळा दिसला की लगेच उचलणं ही नवख्यांची ठरलेली चूक. धुतल्यावर ते सगळं पाण्यात वाहून जातं.

ठसा घेतलेला कागद पुन्हा काळ्या पिशवीत घाला आणि त्याच दिवशी घरी धुवा. पहिलं पाणी एक लिटर, त्यात एक चमचा पांढरं व्हिनेगर. बोअरचं जड, अल्कधर्मी पाणी निळ्या रंगाला खातं, त्यावर हा उपाय. त्यानंतर साध्या पाण्याने तीनदा, प्रत्येकी पाच मिनिटं. पांढऱ्या भागातला पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत थांबा. राहिला तर आठवड्याभरात तो भाग निळा होतो. शेवटी एक लिटर पाण्यात औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं एक झाकण घाला, कार्ड बुडवा. रंग डोळ्यांदेखत गडद होतो. मुलांना हे मात्र नक्की दाखवा. पेरॉक्साइड नसेल तर नुसत्या हवेने एक दिवसात तेवढाच रंग येतो.

कार्ड देताना मागे दोन ओळी लिहा: कडक उन्हात ठेवू नये, साबण किंवा सोडा लावू नये. फार उजेडाने हा निळा फिकट होतो, पण कपाटाच्या अंधारात काही दिवस हवेशीर ठेवला तर पुष्कळसा परत येतो. उजेडाने लोहाचं निळं संयुग रंगहीन होतं आणि हवेतला ऑक्सिजन त्याला पुन्हा निळं करतो.

तिसरी वस्तू: चामड्याची पट्टी

ही सगळ्यांसाठी करायची गरज नाही. गाडी दुरुस्तीला हातभार लावणाऱ्याला, लांबून आलेल्या पाहुण्याला, नवरा-नवरीला द्यावी अशी.

चामडं झाडाच्या सालीने कमावलेलं हवं, कोल्हापुरी चपलेला वापरतात त्या जातीचं, २ मिमी जाड. धारावीत किंवा कोल्हापुरात चपला-पिशव्या करणाऱ्यांकडे उरलेले तुकडे वजनावर मिळतात. ओळखायची खूण अशी की पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच शोषला जातो आणि तिथला रंग गडद होतो. क्रोमने कमावलेल्या मऊ चामड्यावर अक्षरं ठोकली तरी ती टिकत नाहीत.

१८० × २० मिमीची पट्टी कापा. २५ मिमीच्या कडीतून ओवून मधोमध दुमडा. अक्षरं दुमडण्याआधी ठोकायची. ओल्या स्पंजने चामडं ओलं करा आणि त्याचा मूळ रंग जवळजवळ परत येईपर्यंत थांबा. फार ओलं असेल तर अक्षराच्या कडा फुगतात, कोरडं असेल तर ठसा दोन दिवसांत पुसट होतो. खाली कडप्प्याचा तुकडा, वर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे ५ मिमीचे पोलादी अक्षरपंच, आणि प्रत्येक अक्षराला हातोडीचा एकच घाव. दुसऱ्या घावाला पंच सरकतो आणि अक्षर दुहेरी दिसतं. पंच आणि ओलं चामडं यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकचा कागद ठेवा. सालीतलं टॅनिन आणि लोखंड भेटले की काळा डाग पडतो. डाग ताजा असेल तर लिंबाच्या रसाच्या एका बोटाने तो बराच उतरतो.

शिवण दोन सुयांची घाला. आरीने ४ मिमी अंतरावर भोकं पाडा, शिवणीच्या चौपट अधिक २० सेंमी मेणाचा दोरा घ्या आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध बाजूंनी काढा. यात एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. शेवटी बिनरंगी बूटक्रीमचा एक पातळ हात. खोबरेल लावाल तर पट्टी डागाळल्यासारखी काळवंडेल.

कामाची वेळ आणि गाडीत ठेवण्याची सोय

फेरीच्या तीन आठवडे आधी चामडं आणि रसायनं आणा. दोन आठवडे आधी तिकिटं छापून, चिकटवून, कापून ठेवा. आदल्या दिवशी उन्हाची पट्टी-चाचणी करा. आदल्या रात्री कागदांवर द्रावण लावा. लावलेला कागद दोन-तीन दिवसांपलीकडे साठवू नका, दमट हवेत तर एका दिवसातच तो निस्तेज होऊ लागतो.

तयार वस्तू डिकीत ठेवू नका. जुन्या गाडीच्या डिकीत पेट्रोलचा वास असतोच, आणि चामडं तो महिनोन् महिने सोडत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा पुढच्या आसनाखाली बसतो का ते पाहा. निळे ठसे एकमेकांवर ठेवताना मध्ये बटर पेपर घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. निळा ठसा त्याच दिवशी ओला देण्याची घाई नको. तिकीट त्या दिवशी हातात द्या, आणि ठसा वाळून सपाट झाला की वहीतल्या पत्त्यावर टपालाने पाठवा. पाकिटात मागे-पुढे पुठ्ठा घाला आणि बाहेर ‘घडी घालू नये’ असं मोठ्या अक्षरांत लिहा.